१,९२५ लिरांचं वीजबिल: युरोपीय संघाचा कायदा मोठा की देशाचा?

पाऊलवाट

मिलानमधल्या फ्लामिनिओ कोस्ता नावाच्या वकिलांनी एक वीजबिल भरायला नकार दिला. रक्कम १,९२५ लिरा, तेव्हाच्या हिशोबानेही किरकोळ. इटलीने डिसेंबर १९६२मध्ये वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण करून एनेल ही सरकारी संस्था उभी केली होती आणि कोस्ता ज्या वीज कंपनीचे भागधारक होते तीही त्यात गेली. त्यांचं म्हणणं असं, की हे राष्ट्रीयीकरणच रोमच्या कराराशी, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणाऱ्या सहा देशांच्या कराराशी, विसंगत आहे, तेव्हा मी एनेलचं काही देणं लागत नाही. दावा इतका लहान, की तो किरकोळ तंटे मिटवणाऱ्या अगदी तळाच्या न्यायाधीशापुढे चालला. त्या न्यायाधीशाने दोन दारं ठोठावली. एक रोमच्या घटना न्यायालयाचं, दुसरं लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचं.

उत्तरं आली ती एकमेकांविरुद्ध. मार्च १९६४मध्ये घटना न्यायालय म्हणालं, की रोमचा करार इटलीत लागू झाला तो संसदेच्या साध्या कायद्याने. राष्ट्रीयीकरणाचा कायदाही साधा कायदाच आणि तो नंतरचा. दोन सारख्या दर्जाच्या कायद्यांत नंतरचा टिकतो, विषय संपला. तर्क म्हणून यात काही चूक नाही. १५ जुलै १९६४ला लक्झेंबर्गचा निकाल आला. तिथे इटलीच्या सरकारने सांगितलं होतं, की आमच्या न्यायाधीशाने आमचाच कायदा लावायचा आहे, त्याला तुम्हाला प्रश्न विचारायचं कारण नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. करार करताना देशांनी आपल्या सार्वभौम अधिकारांना ठरावीक क्षेत्रात कायमची मर्यादा घालून घेतली आहे आणि नंतरच्या एकतर्फी कायद्याने ती पुसता येणार नाही, असं ते म्हणालं. विचार केला तर दुसरा मार्गही नव्हता. सहाही देशांनी सोयीप्रमाणे नंतरचे कायदे केले असते, तर ‘समान’ कायद्याच्या सहा वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या असत्या.

याच्या दीड वर्ष आधी, ५ फेब्रुवारी १९६३ला, दुसरा पाया घातला गेला होता. फान गेंड एन लोस ही डच वाहतूक कंपनी पश्चिम जर्मनीतून एक रसायन आणत होती. नव्या वर्गवारीमुळे त्यावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेलं. करारात तर लिहिलेलं, की सदस्य देश आपसातलं शुल्क वाढवणार नाहीत. पण करार झाला देशादेशांत. एखादी कंपनी त्यातलं कलम घेऊन आपल्याच सरकारविरुद्ध उभी राहू शकते का? नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी, तिन्ही सरकारांचा सूर ‘नाही’ असाच होता. न्यायालयाच्या अ‍ॅडव्होकेट जनरलचं, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणाऱ्या अधिकाऱ्याचं, मतही कंपनीच्या विरुद्ध. तरी न्यायालय म्हणालं, ही कायद्याची एक नवी व्यवस्था आहे आणि तिचे घटक फक्त देश नाहीत, त्या देशांतली माणसंही आहेत. कलम स्पष्ट असेल, त्याला अटी जोडलेल्या नसतील, तर नागरिक ते थेट आपल्या न्यायालयात वापरू शकतो. याला ‘थेट परिणाम’ म्हणतात. कोस्ताच्या निकालातलं तत्त्व म्हणजे ‘अग्रक्रम’.

धागा काढायचं खरं कारण हा दुसरा शब्द आहे. युरोपीय कायद्याचे मजकूर वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि बातम्यांत ‘युरोपच्या न्यायालयाने अमुक देशाचा कायदा रद्द केला’ असं वाचलं की मला राहवत नाही. ते न्यायालय कोणत्याही देशाचा कायदा रद्द करत नाही. त्याला तो अधिकारच नाही. देशाचा कायदा पुस्तकात जसाच्या तसा राहतो. समोरच्या खटल्यात तो युरोपीय कायद्याशी भिडत असेल, तर तेवढ्यापुरता बाजूला ठेवला जातो. संघाबाहेरच्या देशाच्या नागरिकाला तोच कायदा दुसऱ्या दिवशी लागूही होऊ शकतो. म्हणून ‘सर्वोच्चता’ हा शब्द मला खटकतो. त्यात वरचा खालच्याला मोडतो असं चित्र उभं राहतं. ‘अग्रक्रम’ म्हणजे दोघे एकाच दारातून निघाले तर आधी कोण, एवढंच.

आणि बाजूला ठेवतो कोण? लक्झेंबर्ग नव्हे. त्या देशाचाच न्यायाधीश, त्याच्या स्वतःच्या सहीने. ९ मार्च १९७८च्या सिमेंथालच्या निकालात हे पक्कं झालं. फ्रान्समधून इटलीत गोमांस आणताना पशुवैद्यकीय तपासणीची फी घेतली, त्यावरून वाद. इटलीची पद्धत अशी, की विसंगत कायदा घटना न्यायालयाने दूर करेपर्यंत खालच्या न्यायाधीशाने थांबायचं. लक्झेंबर्ग म्हणालं, थांबायचं नाही. तळातल्या तळातल्या न्यायाधीशानेही स्वतःच तो कायदा बाजूला ठेवायचा.

मला ही रचना विलक्षण वाटते. तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल.

शब्दवेडी

लेख एका दमात वाचला. एक भाबडा प्रश्न. हा अग्रक्रम संघाच्या करारात कोणत्या कलमात आहे?

पाऊलवाट

भाबडा अजिबात नाही, हाच तर कळीचा प्रश्न आहे. कोणत्याच कलमात नाही. रोमच्या करारात नव्हता, आजही नाही.

एकदा लिहायचा प्रयत्न झाला. २००४मध्ये ‘युरोपची राज्यघटना’ म्हणून जो करार झाला, त्यात तसं स्पष्ट कलम होतं. २००५च्या मे-जूनमध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात तो करारच फेटाळला. मग लिस्बनचा करार आला, १ डिसेंबर २००९पासून लागू झाला. त्यात ते कलम काढून मागे एक निवेदन जोडलं, क्रमांक १७. न्यायालयाच्या प्रस्थापित निकालांनुसार युरोपीय कायद्याला अग्रक्रम आहे याची सदस्य देश आठवण करून देतात, असा त्याचा आशय. म्हणजे सत्तावीस देशांना बांधणारं तत्त्व न्यायालयाच्या निकालांत आहे आणि करारात त्याची फक्त आठवण आहे.

ध्रुवतारा

मग माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. मतदारांपुढे कलम ठेवलं, दोन देशांनी नाही म्हटलं, तरी तेच तत्त्व निवेदनाच्या रूपात परत आलं. १९६४मध्ये तर कोणाला विचारलंच नव्हतं. लक्झेंबर्गच्या खोलीत बसलेल्या मोजक्या न्यायाधीशांनी ठरवलं, की निवडून आलेल्या संसदेचा कायदा मागे राहील. हेतू चांगला असेल. पण लोकशाहीत शेवटचा शब्द कोणाचा, याचं उत्तर लोकांनी द्यायला हवं, न्यायालयाने स्वतःच्याच बाजूने नव्हे. पाऊलवाट, तुम्ही ‘अग्रक्रम’ म्हणा की ‘सर्वोच्चता’, ज्याचा कायदा बाजूला ठेवला गेला त्या संसदेला काय फरक पडतो?

काळा_कोट

ध्रुवतारा, तुमच्या आक्षेपाकडे येतो, पण आधी एक गोष्ट वेगळी काढू. ‘युरोपीय कायदा’ हा एकच पदार्थ नाही आणि त्याच्या प्रकारावर बरंच अवलंबून आहे. मी हा विषय शिकलो आहे, थोडा सविस्तर लिहितो.

एक प्रकार रेग्युलेशन. ते संघाच्या राजपत्रात छापून आलं आणि लागू झालं की प्रत्येक देशात आपोआप कायदा. संसदेने पुन्हा मंजूर करायचं नाही. २५ मे २०१८पासून लागू झालेलं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचं जीडीपीआर हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. दुसरा प्रकार डायरेक्टिव्ह. त्यात संघ ध्येय आणि मुदत सांगतो, ते गाठणारा कायदा प्रत्येक देशाने आपल्या पद्धतीने करायचा. घोडं अडतं ते इथे. देशाने मुदतीत कायदा केलाच नाही तर?

त्याची उत्तरं न्यायालयाने तुकड्यातुकड्यांत दिली. इंग्लंडमध्ये एका सरकारी आरोग्य प्राधिकरणाने मिस मार्शल या आहारतज्ज्ञ बाईंना ६२व्या वर्षी निवृत्त केलं. पुरुषांना ६५पर्यंत राहता येत होतं. स्त्रीपुरुष समान वागणुकीची डायरेक्टिव्ह होती. १९८६मध्ये न्यायालय म्हणालं, मालक जर राज्यसंस्था असेल तर डायरेक्टिव्ह तिच्याविरुद्ध थेट वापरता येईल, कारण स्वतः कर्तव्य न करणाऱ्या राज्याला त्या चुकीचा फायदा मिळू द्यायचा नाही.

पण समोर खासगी माणूस असेल तर नाही. मिलानच्या मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर फाच्चिनी दोरी या बाईंना एका कंपनीने इंग्रजीचा पत्राद्वारे शिकवायचा अभ्यासक्रम विकला. काही दिवसांनी त्यांनी नको म्हणून कळवलं. दुकानाबाहेर झालेल्या अशा विक्रीत ग्राहकाला माघार घेण्याचा हक्क देणारी डायरेक्टिव्ह होती, पण इटलीने तिचा कायदा वेळेत केलेला नव्हता. जुलै १९९४चा निकाल असा, की डायरेक्टिव्हचं बंधन देशावर आहे, त्या खासगी कंपनीवर नाही, म्हणून बाईंना तिच्याविरुद्ध ती थेट वापरता येणार नाही. अभ्यासाच्या काळात हा निकाल वाचून मला खरोखर वाईट वाटलं होतं. हक्क आहे, तो का मिळत नाही हे सगळ्यांना दिसतंय आणि तरी मिळत नाही.

मग तिसरी वाट उरते. देशानेच भरपाई द्यायची. ती १९ नोव्हेंबर १९९१च्या फ्रान्कोविचच्या निकालात उघडली. मालकाचं दिवाळं निघालं, कामगारांचे पगार थकले, अशा वेळी पगाराची हमी देणारी व्यवस्था उभारा असं डायरेक्टिव्ह सांगत होती आणि इटलीने ती उभारली नव्हती. न्यायालय म्हणालं, देशाच्या या कसुरीने नागरिकाचं नुकसान झालं तर ठरावीक अटींवर देश भरपाई देणं लागतो. करारात हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे संसदेला फरक पडतो का? पडतो. डायरेक्टिव्हच्या क्षेत्रात ‘कसं करायचं’ हे अजूनही तिच्याच हातात असतं. हातावर हात ठेवून बसायची मुभा तेवढी गेली.

रानफूल

मी वकील नाही, नेदरलँड्सला राहते. रेग्युलेशन आपोआप कायदा होतं म्हणजे काय, हे मला विमानतळावर कळलं. अ‍ॅमस्टरडॅमहून लिस्बनला जाताना विमान चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलं. विमान कंपनीने पुढच्या प्रवासासाठी एक कूपन देऊ केलं आणि लिहिलं, की तांत्रिक बिघाड होता, तो आमच्या हातातला नव्हता, आमच्या अटींनुसार एवढंच मिळेल.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, दोन ओळी लिही. रेग्युलेशन २६१/२००४नुसार ४०० युरो. कारण संघातल्या संघात १,५०० किलोमीटरहून लांबचं उड्डाण. मी तसं लिहिलं, दोन स्मरणपत्रं पाठवली आणि पैसे खात्यात आले. तेव्हा मी डच कायद्याचं एक कलमही वाचलेलं नव्हतं.

काळा_कोट, एक विचारू? मी नंतर ते रेग्युलेशन उघडून बघितलं. त्यात रक्कम देण्याबद्दल आहे ते रद्द झालेल्या उड्डाणाबाबत. उशिराबद्दल तसं सरळ दिसलं नाही. मग मला पैसे कसे मिळाले?

काळा_कोट

अगदी नेमकं बघितलंत. तो भाग न्यायालयाने भरला. २००९च्या स्टर्जन निकालात ते म्हणालं, की तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलेल्याचा वेळ उड्डाण रद्द झालेल्याइतकाच गेला, दोघांना वेगळं वागवता येणार नाही. आणि तांत्रिक बिघाडाचं कारण त्याआधी २००८मध्येच बाद झालं होतं. भरपाई टळते ती ‘असाधारण परिस्थिती’ असेल तरच, आणि विमान चालवणाऱ्याच्या नेहमीच्या कामातून उद्भवणारा बिघाड ही तशी परिस्थिती होत नाही.

ध्रुवतारा

रानफूल, तुम्हाला पैसे मिळाले याचा आनंद आहे, मनापासून. पण बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. कायदा करणाऱ्यांनी जे लिहिलं नाही ते न्यायालयाने लिहिलं. आज ते प्रवाशाच्या बाजूने होतं. उद्या दुसऱ्या कोणाच्या विरुद्ध असेल तर त्याने दाद कुठे मागायची?

पाऊलवाट

ध्रुवतारा, तुमचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. तो सगळ्यात जड आवाजात मांडला गेला तो जर्मनीत, आणि त्यामुळे युरोपीय कायदा बदलला. ती गोष्ट सांगते.

फ्रँकफर्टची एक व्यापारी कंपनी, मक्याचा रवा निर्यात करण्याचा परवाना घेतला, अनामत भरली. मुदतीत पूर्ण निर्यात झाली नाही, अनामतीतले पैसे जप्त. कंपनी म्हणाली, हे जर्मन राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन आहे. १७ डिसेंबर १९७०ला लक्झेंबर्ग म्हणालं, की युरोपीय नियमाची वैधता देशाच्या घटनेवर घासून बघता येणार नाही, मूलभूत हक्कांवरसुद्धा. आम्ही स्वतः मूलभूत हक्क जपतो, काळजी नको.

जर्मन घटना न्यायालयाचं समाधान झालं नाही. २९ मे १९७४च्या त्याच्या निकालाला जर्मन लोक ‘झोलांगे’ म्हणतात, म्हणजे ‘जोपर्यंत’. जोपर्यंत संघाकडे आमच्या घटनेच्या तोडीची मूलभूत हक्कांची यादी नाही, तोपर्यंत आम्ही तुमचे नियम तपासणार. ही पोकळ धमकी नव्हती. जर्मनीत नाझी राजवटीनंतर लिहिलेल्या घटनेत हक्कांची प्रकरणं सर्वांत आधी येतात. ती कोणत्याही बाहेरच्या कायद्यापुढे सोडून देणं त्या न्यायाधीशांना शक्यच नव्हतं.

पुढच्या बारा वर्षांत लक्झेंबर्गने आपल्या निकालांत मूलभूत हक्कांचा कस वाढवत नेला. २२ ऑक्टोबर १९८६ला जर्मन न्यायालयाने दुसरा ‘जोपर्यंत’ लिहिला, उलट्या दिशेने. जोपर्यंत तुम्ही ही पातळी राखताय, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. तपासण्याचा अधिकार सोडला नाही, वापरणं थांबवलं. पुढे संघाची स्वतःची मूलभूत हक्कांची सनद आली आणि २००९मध्ये बंधनकारक झाली.

तेव्हा दाद कुठे मागायची, याचं माझं उत्तर हे: आपल्याच घटना न्यायालयात. ते लक्झेंबर्गला ‘आम्हाला पटलं नाही’ असं सांगू शकतं आणि सांगतंही.

शब्दवेडी

म्हणजे युरोपीय कायदा देशाच्या घटनेच्याही पुढे? प्रत्यक्षात कधी घटना बदलावी लागली आहे का कोणाला?

काळा_कोट

हो. तान्या क्राइल ही जर्मन तरुणी. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण, १९९६मध्ये जर्मन सैन्यात शस्त्रांच्या इलेक्ट्रॉनिक्स देखभालीसाठी अर्ज केला. नाकारला गेला, कारण घटनेच्या कलम १२(अ)नुसार स्त्रियांना शस्त्र हाती घेण्याची सेवा करता येत नव्हती आणि वैद्यकीय विभाग, सैन्याचं वाद्यवृंद पथक सोडता दारं बंद होती. ११ जानेवारी २०००ला लक्झेंबर्ग म्हणालं, असा सरसकट प्रतिबंध समान वागणुकीच्या डायरेक्टिव्हशी विसंगत आहे. त्याच वर्षअखेर जर्मनीने घटनेतलं ते कलम सुधारलं आणि २००१पासून सगळे विभाग स्त्रियांना खुले झाले. सुधारणा जर्मन संसदेनेच केली, लक्झेंबर्गने एक अक्षरही खोडलं नाही. पाऊलवाट म्हणतात तो फरक हाच.

निळाई

ब्रिटनच्या संसदेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. तिथे लेखी घटना नाही, ‘संसद सार्वभौम’ हाच पाया. १९८८च्या कायद्याने ब्रिटिश मासेमारी नौकांच्या नोंदणीला नागरिकत्वाची आणि निवासाची अट घातली. स्पॅनिश मालकांच्या नौका ब्रिटनच्या वाट्याचा मासेमारी कोटा वापरत होत्या, ते थांबवायचं होतं. नौकामालकांनी दावा लावला, तोच फॅक्टरटेम खटला. ब्रिटिश नियम असा, की राजसत्तेविरुद्ध अंतरिम मनाई देता येत नाही. १९ जून १९९०ला लक्झेंबर्ग म्हणालं, तोच नियम आड येत असेल तर तो बाजूला ठेवा. आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी संसदेच्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली. कायदा मेला नाही, संघाबाहेरच्या मालकांना त्यातल्या अटी लागू राहिल्याच. पण किनारपट्टीच्या मच्छीमार गावांना हे फार लागलं. त्यांच्या दृष्टीने आपल्या संसदेने आपल्यासाठी केलेला कायदा चालला नाही. माझी सहानुभूती त्यांच्याशी आहे, जरी निकाल मला बरोबर वाटत असला तरी.

जाता जाता, मला एका व्यक्तिगत निरोपात कोणीतरी स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय आणि हे एकच का असं विचारलं. नाही. ते ४६ देशांच्या युरोप परिषदेचं, संघाचं नव्हे.

ध्रुवतारा

निळाई, मच्छीमारांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. पाऊलवाट, जर्मनीची गोष्ट पटली, पण अर्धी. जर्मन न्यायालयाने म्हटलं की ‘संवाद’ आणि पोलंडने म्हटलं की ‘बंड’, असं का? ५ मे २०२०ला जर्मन न्यायालयानेच युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवर लक्झेंबर्गचा निकाल अधिकारबाह्य ठरवला, म्हणजे आम्हाला बंधनकारक नाही म्हटलं. ७ ऑक्टोबर २०२१ला पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने करारातली काही कलमं पोलिश घटनेशी विसंगत ठरवली. दोघांनी केलं ते सारखंच नाही का?

पाऊलवाट

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, म्हणून सविस्तर.

जर्मन निकाल मला आवडला नाही हे आधीच सांगते. पुढे पोलंडमध्ये त्याचा दाखला दिला गेला आणि तो दिला जाणार हे उघड होतं. युरोपीय आयोगाने जून २०२१मध्ये जर्मनीविरुद्धही कारवाई सुरू केली, म्हणजे तिथे भेदभाव झाला नाही. जर्मन सरकारने अग्रक्रमाचं तत्त्व मान्य असल्याची औपचारिक ग्वाही दिली, मग डिसेंबरमध्ये ती कारवाई बंद झाली. पण तिथला वाद एका कार्यक्रमापुरता होता. बँकेने आपल्या निर्णयाचे परिणाम तोलून बघितले का, एवढं दाखवा असं न्यायालय म्हणत होतं. कागदपत्रं दाखवली गेली, जर्मन संसदेचं समाधान झालं, रोखेखरेदी चालू राहिली.

पोलंडमध्ये वाद होता न्यायाधीश स्वतंत्र आहेत का याचा. न्यायाधीशांना शिक्षा करणारं नवं शिस्तपालन दालन लक्झेंबर्गने जुलै २०२१मध्ये युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवलं होतं. त्यानंतर पंतप्रधानांच्याच अर्जावर घटना न्यायाधिकरणाने तो निकाल दिला आणि त्या न्यायाधिकरणातल्या काही नेमणुकाच वादग्रस्त होत्या. ज्या कलमांवर हल्ला झाला त्यात न्यायालयीन संरक्षणाचं कलमही होतं. २७ ऑक्टोबर २०२१ला लक्झेंबर्गने पोलंडला दिवसाला १० लाख युरो दंड लावला. पोलंडने भरला नाही, तेव्हा आयोगाने तो पोलंडला मिळायच्या निधीतून वळता केला.

मतभेद कसा मांडावा याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण मात्र इटलीचं आहे. व्हॅट बुडवणाऱ्यांचे खटले इटलीत इतके रेंगाळायचे की मुदत संपून आरोपी सुटायचे. २०१५च्या तारिक्कोच्या निकालात लक्झेंबर्ग म्हणालं, संघाच्या तिजोरीचं नुकसान होतंय, न्यायाधीशांनी तो मुदतीचा नियम बाजूला ठेवावा. इटलीच्या घटना न्यायालयाला धक्का बसला. त्यांच्याकडे मुदतीचा नियम हा फौजदारी कायद्याचाच भाग मानला जातो आणि गुन्हा घडून गेल्यावर तो आरोपीच्या विरुद्ध बदलता येत नाही. त्यांनी निकाल झुगारला नाही. २०१७च्या सुरुवातीला लक्झेंबर्गलाच परत विचारलं, तुमचं म्हणणं खरंच असं आहे का, कारण असेल तर ते आमच्या घटनेच्या गाभ्याला लागतंय. ५ डिसेंबर २०१७ला उत्तर आलं: तुमचं तत्त्व मोडत असेल तर नियम बाजूला ठेवायची गरज नाही.

वेळ लागला, पण दोन्ही न्यायालयं आपापल्या जागी उभी राहिली. १९६४मध्ये कोस्ताच्या बिलावरून एकमेकांविरुद्ध उभी राहिलेलीच ही दोन न्यायालयं.

ध्रुवतारा

तारिक्को माहीत नव्हता. शांतपणे वाचतो. माझा मूळ मुद्दा, लोकांना विचारायला हवं होतं, तो मी सोडत नाही. पण ‘शेवटचा शब्द कोणाचा’ हा प्रश्न मी मांडला तितका सरळ नाही, हे मान्य.

शब्दवेडी

मला एक राहून राहून वाटतंय. सिमेंथालनंतर सगळा भार तळाच्या न्यायाधीशावर आला. त्याने आपल्या संसदेचा कायदा बाजूला ठेवायचा, तेही वरच्या कोणाची वाट न बघता. त्याच्यावर दडपण आलं तर त्याला कोण सांभाळणार?

काळा_कोट

पोलंडमध्ये ते घडलं. ओल्श्टिन शहरातले न्यायाधीश पावेल युश्चिशिन. १९ नोव्हेंबर २०१९ला लक्झेंबर्गने न्यायाधीशांच्या नेमणुकांची स्वतंत्रता कशी तपासावी यावर निकाल दिला. तो आधाराला घेऊन युश्चिशिन यांनी एका साध्या दिवाणी अपिलात, न्यायाधीश निवडणाऱ्या परिषदेच्या उमेदवारांना कोणी पाठिंबा दिला होता त्या याद्या संसदेच्या कार्यालयाकडून मागवल्या. फेब्रुवारी २०२०मध्ये शिस्तपालन दालनाने त्यांना निलंबित केलं. ते परत कामावर रुजू झाले मे २०२२नंतर.

पाऊलवाट

हो. आणि त्या दोन वर्षांहून अधिक काळात संघाकडे त्यांना खुर्चीवर परत बसवणारा एकही शिपाई नव्हता. अंतरिम आदेश होते, निकाल होता, दंड होता. कोस्ताचा खटला ज्या न्यायाधीशापुढे चालला, त्याला रोमने उत्तर दिल्यावर तो गप्प बसला असता तरी कोणी त्याला दोष दिला नसता. शब्दवेडी, तुमच्या प्रश्नावर स्वतंत्र धागा काढते. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यावरचे २०१८पासूनचे निकाल त्यात एकेक करून घेऊ. पहिला पोर्तुगालचा आहे, न्यायाधीशांच्या पगारकपातीवरून सुरू झालेला.